मूत्राशय काढावा की राखावा?



ज्या अवयवाचे नाव चारचौघांत घ्यायला आपण संकोचतो, त्याच्याविषयी आज तासभर बोलायचे आम्ही ठरविले आहे. हा संकोच निरुपद्रवी असता तर आम्ही त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण तो माणसे मारतो. साठीच्या घरातल्या गृहस्थाला एके दिवशी लघवीतून रक्त जाते. दुखत काहीच नाही. घरात सांगायचे कसे म्हणून तो दोन दिवस गप्प बसतो. मग फार तर 'उन्हाळी लागली' असे म्हणतो आणि धण्या-जिऱ्याचे पाणी पितो. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ होते आणि यश धण्या-जिऱ्याच्या पदरी पडते! वस्तुतः मूत्राशयातल्या गाठीचा स्वभावच असा आहे, की ती एकदा रक्त टाकते आणि मग कित्येक आठवडे शांत राहते. न दुखता आलेले रक्त हे दुखून आलेल्या रक्तापेक्षा अधिक काळजीचे, एवढे जरी आज आपण घरी नेलेत तरी आमची फेरी फुकट गेली नाही असे आम्ही समजू.

आता रोगाकडे वळू. मूत्राशय ही साधारण अर्धा लिटर मावेल अशी स्नायूची पिशवी. तिला आतून पेशींचे अस्तर असते. मूत्रपिंडे रक्तातली नको असलेली द्रव्ये गाळून या पिशवीत सोडतात, आणि ती तिथे तासन्‌तास साठून राहतात. त्या द्रव्यांत विष असेल तर त्याचा स्पर्श अस्तराला सर्वांत अधिक वेळ होतो. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शस्त्रवैद्याने फुक्सिन नावाचा रंग बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे सांगितले. धंद्यापायी होणाऱ्या कर्करोगाच्या इतिहासात ते वर्ष नोंदले गेले आहे. पण आज रंगाच्या कारखान्यापेक्षा मोठा अपराधी खिशात असतो. विडी असो वा सिगारेट, धुरातली द्रव्ये फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रात आणि तिथून या अस्तराशी येतात. या रोगाचे निम्म्याच्या आसपास रुग्ण धूम्रपानाच्या खात्यावर मांडावे लागतात. हे ऐकून विडी विझविणारे थोडेच, हेही आम्हांस ठाऊक आहे. असो.

गाठ अस्तरापुरती आहे, की खालच्या स्नायूत शिरली आहे, या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून असते. प्रथम आलेल्या चार रुग्णांपैकी सुमारे तिघांची गाठ वरवरची असते. ती मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढतात, आणि तिने पुन्हा डोके वर काढू नये म्हणून पिशवीत औषध सोडतात. त्या औषधांतले सर्वांत गुणकारी आपल्या फार ओळखीचे आहे. क्षयावरची बी.सी.जी. लस! १९७६ साली कॅनडातल्या किंग्स्टनचे डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयात सोडून नऊ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. क्षयाचे दुबळे केलेले जंतू अस्तराशी भांडण उकरून काढतात, आणि शरीराचे रक्षक त्या गोंधळात गाठीच्या पेशींचाही समाचार घेतात. बाळाच्या दंडावर टोचायची लस आजोबांच्या मूत्राशयाला कामी यावी, हा वैद्यकातला एक मौजेचा प्रकार आहे. आणि या कामासाठी लागणारी बी.सी.जी. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते.

आमचा आजचा विषय मात्र उरलेल्या चौथ्या रुग्णाचा आहे, ज्याची गाठ स्नायूत उतरली आहे.

या रुग्णासाठी गेली कित्येक दशके एकच राजमार्ग मानला गेला: मूत्राशय समूळ काढून टाकणे. पुरुषाच्या बाबतीत त्याबरोबर पौरुषग्रंथीही जाते. स्त्रीच्या बाबतीत बहुधा गर्भाशय व योनिमार्गाची पुढची भिंत. मग मूत्र जायचे कुठून? १९५० साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉ. यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा करून त्यात मूत्रवाहिन्या जोडण्याची आणि त्याचे तोंड पोटावर उघडण्याची पद्धत रूढ केली. तिथे पिशवी लावायची. पुढे आतड्याचीच नवी पिशवी शिवून ती मूळच्या जागी बसविण्याची कलाही शस्त्रवैद्यांनी साधली. या मंडळींचे ऋण आम्ही मानतो. त्यांनी हजारो माणसे जगविली. तरीपण सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर विडी ओढून छाती अधू झालेल्या माणसाला ही शस्त्रक्रिया झेपेलच असे नाही. आणि ज्याला ती झेपते, त्याला पोटावरच्या पिशवीसह उरलेले आयुष्य काढायचे असते. पंगतीला बसताना, देवळात जाताना, प्रवासात, शेजेवर. पुष्कळजण ते धीराने निभावतात. काही घराबाहेर पडणेच सोडतात.

दुसरा मार्ग आहे, आणि तो आजकालचा नाही. दुर्बिणीतून गाठ जितकी निघेल तितकी काढायची. मग मूत्राशयावर किरणोपचार करायचे, ज्याला आपल्याकडे 'लाइट देणे' म्हणतात. आणि त्याच काळात पेशींना किरणांपुढे दुबळे करणारे औषध थोड्या मात्रेत द्यायचे. तिन्ही मिळून एक उपचार. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. विल्यम शिप्ली आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून हे करीत आले. इंग्लंडात २००१ पासून ३६० रुग्णांवर पद्धतशीर परीक्षा झाली. निम्म्यांना नुसते किरण, निम्म्यांना किरणांबरोबर फ्लुरोयुरॅसिल व मायटोमायसिन. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला: दोन वर्षांनंतर मूत्राशयात व कटिभागात रोग न उलटलेले पहिल्या गटात शेकडा ५४, दुसऱ्यात ६७. यातली औषधे थकलेल्या मूत्रपिंडांनाही बहुधा सोसतात, ही गोष्ट म्हाताऱ्या रुग्णाच्या दृष्टीने लहान नव्हे.

मग यांत सरस कोणता? याचा सरळ निर्णय लावायचा तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्या रुग्णांना एक आणि अर्ध्यांना दुसरा उपचार द्यायला हवा. इंग्लंडात २००७ ते २०१० या काळात तसा प्रयत्न झाला. अवघे ४५ रुग्ण मिळाले आणि तो सोडून द्यावा लागला. त्यात नवल कसले? आपला मूत्राशय राहायचा की जायचा हे चिठ्ठीवर सोपवायला किती माणसे तयार होतील? शेवटी २०२३ साली बोस्टन, टोरांटो आणि लॉस एंजेलिस येथल्या तज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे काढली. दोन्हीपैकी कोणताही उपचार चालला असता असेच ७२२ रुग्ण त्यांनी निवडले, वय, गाठीचा आकार वगैरे बाबी हिशेबाने सारख्या केल्या, आणि पाहिले तो पाच वर्षांनी रोग शरीरात इतरत्र न पसरलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर शेकडा ७४ आणि मूत्राशय राखून ७५. ज्यांचा मूत्राशय राखला होता, त्यांतल्या शेकडा १३ जणांचा तो पुढे काढावा लागला. कागदांवरून काढलेला निष्कर्ष चिठ्ठ्यांच्या परीक्षेइतका पक्का नसतो हे खरे. पण 'मूत्राशय राखणे म्हणजे जिवाशी खेळ' असे सरसकट म्हणण्याचे दिवस त्याने संपविले, असे आमचे मत आहे.

पण 'कोणताही उपचार चालला असता असे' हे शब्द विसरू नका. निवडलेले रुग्ण होते ते. गाठ एकच असावी, ती दुर्बिणीतून बहुतेक सारी निघालेली असावी, तिने मूत्रवाहिनी तुंबवून मूत्रपिंड फुगविलेले नसावे, बाकीच्या अस्तरात रोग पसरलेला नसावा, आणि मूळचा मूत्राशय राखण्यासारखा असावा. या खुणा डोळ्यांनी आणि छायाचित्रांवरून दिसणाऱ्या. त्या सगळ्या जुळूनही काहींची गाठ किरणांना दाद देत नाही. त्यांचे चार-सहा महिने जातात, आणि मग शस्त्रक्रिया करायची तीही किरणांनी होरपळलेल्या भागात. कोणाची गाठ दाद देणार आणि कोणाची नाही हे गाठीलाच आधी विचारता आले तर? गाठीतली प्रथिने, तिची जनुके, तिचे रक्तात वा मूत्रात सांडलेले अवशेष, यांना शास्त्रज्ञ 'मार्कर' म्हणतात. आपण खुणा म्हणू.

खुणा दोन जातींच्या असतात, आणि यांची गल्लत वर्तमानपत्रांत रोज होते. वेधशाळा सांगते की यंदा पाऊस कमी आहे. ते सर्वांच्याच शेताला लागू. त्याने वाईट वाटेल, पण या वावरात ज्वारी घ्यावी की तूर हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी माती तपासावी लागते. पहिल्या जातीची खूण म्हणते, हा रोग दांडगा आहे, उपचार काहीही करा. दुसऱ्या जातीची म्हणते, या गाठीला किरण मानवतील, त्या गाठीला सुरी बरी. आम्हांला हवी आहे ती दुसरी. मिळतात बहुधा पहिल्या.

दुसऱ्या जातीची एक खूण हाती आलीशी वाटली होती, तिची कथा थोडी सविस्तर सांगतो. कारण सूक्ष्मदर्शकापुढे जन्म काढणाऱ्या आमच्यासारख्यांचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. पेशीतल्या डी.एन.ए.चे दोन्ही धागे तुटले की ते सांधायला जी प्रथिने धावून येतात, त्यांत एम.आर.ई.११ नावाचे एक आहे. किरण नेमके हेच धागे तोडतात. १९१० च्या सुमारास कोणाला स्वप्नातही सुचले नसते ते २०१० साली इंग्लंडातल्या लीड्सच्या संशोधकांनी केले: किरणोपचार घेतलेल्या जुन्या रुग्णांच्या गाठींचे मेणात जपलेले तुकडे काढले, त्यांवर या प्रथिनाला रंगविणारे द्रव्य घातले, आणि रंग कुठे गडद, कुठे फिका ते मोजले. ज्यांच्या गाठीत प्रथिन भरपूर, त्यांच्यातले तीन वर्षांनी या रोगाच्या मृत्यूपासून वाचलेले शेकडा ६९. ज्यांच्यात कमी, त्यांच्यातले ४३. दुरुस्ती करणारे प्रथिन अधिक तर गाठ किरणांपुढे टिकायला हवी, निघाले उलटेच. आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हे नाते मुळीच दिसले नाही. म्हणजे ही माती-परीक्षा झाली! २०१२ साली डेन्मार्कमधूनही दुजोरा आला.

आता ही परीक्षा रुग्णालयात वापरायची, तर ती कोणत्याही गावच्या कोणत्याही प्रयोगशाळेत सारखीच उतरली पाहिजे. म्हणून त्याच वाटेच्या संशोधकांनी मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांचे तुकडे घेतले, यंत्राने एकसारखे रंगविले, आणि इंग्लंडातल्या तीन केंद्रांत तपासायला दिले. गुण कसे द्यायचे याच्या नमुन्याच्या चित्रांसह सूचना लिहून दिल्या. २०१९ साली त्यांनी निकाल सांगितला. एकाच काचेला तीन केंद्रांनी दिलेल्या गुणांत मेळ फारच थोडा. आणि त्या गुणांचा रुग्णाच्या जगण्यामरण्याशी संबंध लागेना. पुन्हा रंगवून मेळ थोडा सुधारला, संबंध तरीही लागला नाही. गडद आणि फिका यांच्या मधल्या छटेला काय म्हणायचे, यावर तीन शहाणी माणसे भांडू शकतात; मोहरमच्या ताबुताचा हिरवा आणि मोराच्या पिसाऱ्याचा हिरवा यांवर बायका दुकानात भांडतात तसेच. फरक एवढाच, की इथे त्या छटेवर कोणाचा तरी मूत्राशय ठरायचा होता. आपली आवडती खूण पडली हे ज्यांनी जगापुढे मांडले, त्यांना आम्ही मनोमन नमस्कार करतो. यशाचे निबंध पुष्कळ छापून येतात, असे थोडे.

याउलट एक साधी खूण पाहा. कर्करोगाच्या गाठीत प्राणवायू अपुरा असला तर किरण नीट लागू पडत नाहीत. इंग्लंडात ३३३ रुग्णांच्या परीक्षेत काहींना किरणांच्या वेळी शेकडा ९८ प्राणवायू व २ कार्बन डायॉक्साइड यांचे मिश्रण हुंगायला दिले आणि निकोटिनामाइड हे ब-जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध पोटात दिले. २०१० च्या निकालात तीन वर्षांनी जिवंत असलेले शेकडा ४६ चे ५९ झाले. पुढे २०१३ साली तुकडे तपासता दिसले, की हा लाभ झाला तो ज्यांच्या गाठीत मेलेल्या पेशींचे डाग होते त्यांना. हे डाग पाहायला ना जनुके लागतात ना महाग रंग; कोणत्याही जिल्ह्याच्या गावचा विकृतिशास्त्रज्ञ ते नेहमीच्या काचेवर दाखवील. नव्या खुणेच्या नादात जुन्या डोळ्यांकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

जनुकांची गोष्टही आशेची आहे, आणि अर्धीच घडली आहे. सिस्प्लॅटिन हे औषध डी.एन.ए.ला चिकटते, ते उपटून दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेत ई.आर.सी.सी.२ या जनुकाचा वाटा असतो. २०१४ साली अमेरिकेत ५० रुग्ण तपासले. औषधाने ज्यांचा रोग वितळला त्या २५ पैकी ९ जणांच्या गाठीत हे जनुक बिघडलेले होते. ज्यांचा वितळला नाही त्या २५ पैकी एकाच्याही नाही. हे फार बोलके आकडे. यावर उभारणी करून पुढच्या प्रयोगात असे ठरविले, की चार विशिष्ट जनुकांपैकी एक बिघडलेले असेल आणि औषधानंतर दुर्बिणीत काही दिसत नसेल, तर शस्त्रक्रिया न करता नुसती नजर ठेवायची, किरणही नाहीत. सत्तरएक रुग्णांचा तो प्रयोग आधी ठरविलेल्या कसोटीला उतरला नाही. नजरेखाली ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा रोग परतला. काहींचे मूत्राशय मात्र सुखरूप राहिले. ते कोणाचे राहतील, हे त्या चार जनुकांना सांगता आले नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात ७६ जणांना रसायनोपचाराबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी करणारे औषध दिले, आणि मग दुर्बीण, तुकडे, छायाचित्रे अशी कसून तपासणी केली. ३३ जणांत रोगाचा मागमूस उरला नव्हता. त्यांतल्या ३२ जणांनी मूत्राशय ठेवायचे पसंत केले. यांपैकी काहींना पुढे तो काढावाच लागला. तरी औषधाला गाठ कशी वागली, हीच आजवरची एक भरवशाची खूण आहे, असे यावरून दिसते. मातीत प्रत्यक्ष बी पेरून पाहिल्यासारखे.

रक्तातल्या खुणेची चर्चा आज सर्वांत मोठी आहे. गाठीच्या मेलेल्या पेशींचे डी.एन.ए.चे कण रक्तात तरंगतात. ते आता पकडता येतात. डेन्मार्कमधल्या आरहूस येथे ६८ रुग्णांवर २०१९ साली दाखवून दिले, की मूत्राशय काढल्यावरही ज्यांच्या रक्तात हे कण सापडले त्यांच्यातल्या शेकडा ७६ जणांचा रोग उलटला. ज्यांच्या रक्तात सापडले नाहीत त्यांच्यात एकाचाही नाही. पण ही खूण पसरलेल्या रोगाची चाहूल देते. मूत्राशयाच्या कोपऱ्यात उरलेला मुगाएवढा रोग रक्तात कण सांडीलच असे नाही. तो पकडायला मूत्र बरे. १९४५ साली पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी मूत्रातल्या पेशी रंगवून कर्करोग ओळखता येतो हे दाखविले, तेव्हापासून तो शोध चालू आहे. मूत्रातली प्रथिने मोजण्याच्या चाचण्याही बाजारात आहेत. त्या मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी 'आहे, आहे' म्हणून ओरडतात. आमच्याकडे मुतखड्याला काय तोटा!

मग आज आपल्या रुग्णाने काय करावे? आमच्या मते सर्वांत मोठा अन्याय खुणांच्या अभावाने होत नाही; तो दाराने होतो. रुग्ण ज्या दारात प्रथम शिरतो, त्या दाराचाच उपचार त्याला मिळतो. शस्त्रवैद्याच्या दारात सुरी. दुसरे दार आहे हे कित्येकांना कोणी सांगतच नाही, आणि सांगितले तर 'ते वयोवृद्धांसाठी, न झेपणाऱ्यांसाठी' असे म्हणून. ज्यांची गाठ राखण्याजोगी आहे त्या धडधाकट माणसालाही दोन्ही मार्ग सांगितले पाहिजेत. आणि ज्याची नाही, त्याला 'राखा' म्हणून भुलविता कामा नये. शस्त्रक्रियेपूर्वी एकदा किरणोपचारतज्ज्ञाला भेटण्याचा हट्ट घरच्यांनी धरावा. त्याने कोणताही भला शस्त्रवैद्य रागावत नाही. आणि आमच्या खात्याचा अहवाल हाती आला की एक ओळ अवश्य शोधावी: तपासलेल्या तुकड्यात स्नायू होता काय? नसेल, तर गाठ स्नायूत शिरली नाही असे त्या अहवालावरून कोणालाच म्हणता येत नाही. पुन्हा दुर्बीण घालून खोलवरचा तुकडा घ्यावा लागतो. एवढ्या एका ओळीसाठी कित्येकांचे महिने वाया जातात.

अंतराचा प्रश्नही आहेच. किरण रोज घ्यायचे असतात. पूर्वी साडेसहा आठवडे लागत. इंग्लंडातल्या दोन्ही परीक्षांचे आकडे एकत्र करून २०२१ साली दाखविले गेले, की चार आठवड्यांत वीस वेळा दिलेले किरण निदान तितकेच, किंबहुना मूत्राशयातला रोग आवरायला अधिक चांगले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोलीसाठी खोळंबलेल्या, बुलढाण्याकडून आलेल्या कुटुंबाला हे अडीच आठवडे म्हणजे काय, ते आम्ही सांगायला नको. मुंबईच्या टाटा रुग्णालयात मूत्राशय रोज किती भरला आहे ते पाहून त्या दिवसापुरता मापाचा आराखडा निवडून किरण देण्याची पद्धत बसविली आहे. अशा ४४ रुग्णांचा अनुभव त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला.

उपचार संपला म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. राखलेल्या मूत्राशयात पहिली काही वर्षे दर तीन-चार महिन्यांनी दुर्बीण घालून पाहावे लागते, पुढे वर्षातून एकदा, आणि हे जन्मभर. रक्ताच्या वा मूत्राच्या कोणत्याही खुणेने दुर्बिणीची ही फेरी अजून चुकविलेली नाही. ज्याला ती नियमाने जमणार नाही, ज्याचे गाव दूर आहे, सोबतीला कोणी नाही, त्याने हे आधीच डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे; मग मूत्राशय राखण्याचा निर्णय कदाचित वेगळा होईल, आणि तो त्याच्या हिताचा असेल.